बाजारात न आलेला गेम खोक्यात सापडला, तर

प्रश्न थोडक्यात असा: सासरे १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या एका लहान कंपनीसाठी कमोडोर ६४ आणि झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकांवर गेम लिहायचे. त्यांचा एक गेम लिहून झाला, पण विक्रीला कधी आलाच नाही. आता एका खोक्यात चौदा फ्लॉप्या, नऊ कॅसेट, एक वही आणि प्रकाशकाची काही पत्रं निघाली आहेत. जुना कमोडोर विकत घेऊन फ्लॉप्या चालवून बघू का? आणि गेम मिळालाच, तर तो ठेवायचा कुठे?

चालवून बघू नका. निदान आत्ता तरी नको. आणि खोक्यातलं काहीही वाचायला घेण्याआधी सासरेबुवांशी निवांत बोलून घ्या. यामागचं कारण शेवटाकडे सांगतो, कारण पहिल्याच दमात सांगितलं तर ते कुणाला पटत नाही. मलाही पटलं नव्हतं.

आधी वस्तूंचं बघू. दुकानात आलेल्या गेमच्या हजारो कॅसेट निघालेल्या असतात. एक बिघडली तर दुसरी मिळते, दोन्ही वाचून एकमेकींशी ताडता येतात. तुमच्या गेमची प्रत बहुधा एकच आहे, आणि ती याच चौदांपैकी एखाद्या फ्लॉपीवर असणार. त्या फ्लॉपीवर बुरशी असेल आणि ती तशीच ड्राइव्हमध्ये घातली, तर ड्राइव्हचं वाचणारं हेड चुंबकीय थर खरवडत जातं. चकतीवर एक पारदर्शक गोल रेघ उमटते आणि त्या ट्रॅकवरचं, म्हणजे त्या गोल पट्ट्यावरचं, सगळं कायमचं जातं. वर तीच घाण हेडला चिकटून पुढच्या फ्लॉपीलाही लागते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका संध्याकाळी अशा तीन फ्लॉप्या घालवल्या आहेत. एक गेली तेव्हा थांबायला हवं होतं, पण "पुढची तरी चालेल" म्हणत राहिलो.

म्हणून पहिलं काम म्हणजे लिहिणं बंद करणं. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला चौकोनी खाच असते, ती चिकटपट्टीने झाकली की तिच्यावर काही लिहिलं जात नाही. साडेतीन इंचीचं बरोबर उलटं आहे, तिथे भोक उघडं असलं की लिहिणं बंद. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान मोडून टाका. फ्लॉपीला दुसऱ्या बाजूलाही खाच असेल, तीही कात्रीने वेडीवाकडी कापलेली, तर खूश व्हा. कमोडोरची १५४१ ड्राइव्ह एका वेळी एकच बाजू वाचते, त्यामुळे पैसे वाचवायला लोक हाताने खाच कापून फ्लॉपी उलटी घालत. म्हणजे मागच्या बाजूलाही काहीतरी आहे. तीही खाच झाका.

मग चकती उजेडात धरून मधल्या भोकातून बोटाने हळू फिरवा आणि खिडकीतून पाहा. ढगासारखे पांढरे डाग दिसले तर ती बुरशी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती साफ होते, पण त्यासाठी हात बसलेला लागतो. डागाळलेल्या फ्लॉप्या सरळ बाजूला काढा आणि जाणत्याकडे द्या. खोक्यात तीन इंची जाडजूड डिस्क असतील (ॲमस्ट्रॅड आणि स्पेक्ट्रम प्लस थ्री या संगणकांच्या), तर त्यांच्या ड्राइव्हमधला रबरी पट्टा आजवर बहुतेक विरघळून डांबर झालेला असतो. जुनी ड्राइव्ह थेट वीज लावून चालवायची नाही, हे त्यामुळेही.

वाचण्यासाठी ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं उपकरण वापरतात. साधी ड्राइव्ह "या सेक्टरमध्ये (ट्रॅकच्या या तुकड्यात) काय आहे" याचं फक्त उत्तर देते. ते उत्तर काढताना तिने काय पाहिलं ते सांगत नाही. ही उपकरणं चकतीवरचं चुंबकत्व कुठे कुठे पलटतं आणि दोन पलटांमध्ये किती वेळ जातो, तेवढं टिपतात. त्यालाच फ्लक्स म्हणतात. प्रत्येक ट्रॅकचे चार-पाच फेरे टिपले, तर एका फेऱ्यात हुकलेला बिट दुसऱ्या फेऱ्यात सापडतो. अर्थ लावायचं काम नंतर सॉफ्टवेअरवर सोपवायचं, आणि ते दहा वर्षांनी आणखी चांगल्या सॉफ्टवेअरने पुन्हाही करता येतं. कमोडोरच्या डिस्कची नेहमीची डी६४ फाइल १,७४,८४८ बाइटची असते: ३५ ट्रॅक, ६८३ सेक्टर, प्रत्येकी २५६ बाइट. एम्युलेटरला, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला, ती पुरते. पण तो डिस्कचा सारांश झाला. जपायचा असतो तो फ्लक्स.

आता या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग. १५४१वर फाइल पुसली की ड्राइव्ह जवळजवळ काहीच पुसत नाही. अठराव्या ट्रॅकवर डिरेक्टरी असते, तिथे प्रत्येक फाइलची ३२ बाइटची नोंद असते. पुसताना त्या नोंदीतला फाइलचा प्रकार सांगणारा बाइट शून्य होतो आणि तिचे सेक्टर मोकळे म्हणून जाहीर होतात. नाव तसंच राहतं, फाइल कुठून सुरू होते तेही राहतं. प्रत्येक सेक्टरचे पहिले दोन बाइट पुढचा सेक्टर कुठे आहे ते सांगतात, म्हणजे साखळी धरून चालत गेलं की पुसलेली अख्खी फाइल हाती येते, मधे कुणी वर लिहिलं नसेल तर. एका रिकाम्या दिसणाऱ्या डिस्कमधून मला असा लेव्हल एडिटर, म्हणजे गेमचे नकाशे रचायचा प्रोग्रॅम, मिळाला होता. गेम दुसऱ्या डिस्कवर होता आणि बऱ्यापैकी पूर्ण होता; पण नकाशे कसे रचले, चित्रांच्या तुकड्यांना लेखक काय म्हणायचा, हे त्या पुसलेल्या एडिटरशिवाय कळलंच नसतं. तेव्हा "ही रिकामी आहे" म्हणून कुठलीही फ्लॉपी टाकू नका. पीसीच्या वाटतात म्हणूनही टाकू नका. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बरेच व्यावसायिक प्रोग्रॅमर पीडीएससारखी सोय वापरत. कोड पीसीवर लिहायचा आणि केबलने कमोडोर किंवा स्पेक्ट्रमला पाठवायचा. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, नेमका अशाच कंटाळवाण्या दिसणाऱ्या पीसी-डिस्कवर असतो.

कॅसेटचंही असंच. चांगल्या डेकवर लावा, आवाज संगणकावर वेव्ह फाइल म्हणून घ्या, आणि दोन्ही बाजू शेवटपर्यंत घ्या. आवाज दबका वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवून बघा. आवाज सगळ्यात कर्कश होतो ती जागा बरोबर. शेवटपर्यंत का, तर लोक त्याच कॅसेटवर पुन्हा पुन्हा सेव्ह करत. नवी आवृत्ती जुनीपेक्षा आखूड असली की तिच्या मागे जुन्या आवृत्तीचं शेपूट उरतं. स्पेक्ट्रमला ते शेपूट लोड करता येत नाही, कारण आधीचा लांब पायलट टोन (सुरुवातीची इशाऱ्याची शिट्टी) आणि हेडर (फाइलचं नाव-लांबी सांगणारा भाग) दोन्ही गेलेले असतात. पण वेव्ह फाइलमधून बिट वेगळे काढता येतात, फक्त बाइट कुठून सुरू होतो ते हाताने जुळवावं लागतं. मला एकदा असं चाळीस सेकंदांचं शेपूट मिळालं. स्पेक्ट्रम सेकंदाला सरासरी १५०० बिट लिहितो, म्हणजे जेमतेम साडेसात हजार बाइट. त्यात खोल्यांची नावं होती, अकरा. वर सेव्ह केलेल्या आवृत्तीत सातच होती. चार खोल्या कापल्या होत्या. लेखकाला विचारलं तर तो दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, "हो, मेमरी पुरेना." तोवर तो छातीठोकपणे सांगत होता की गेममधून काहीही कापलं नव्हतं. स्पेक्ट्रमच्या एकूण ४८ केबी मेमरीतले ६९१२ बाइट एकटी स्क्रीनच खाते; मेमरी पुरेना हे वाक्य त्या काळातल्या निम्म्या निर्णयांचं कारण असेल.

यातली एक अडचण बाहेरच्या माणसाला सुचत नाही. या फाइलींना तारीख नसते. कमोडोर ६४च्या डिरेक्टरीत तारखेला जागाच नाही, स्पेक्ट्रमच्या टेपवरही नाही. कमोडोरच्याच नंतरच्या अमिगा संगणकावर तारीख असते, पण घड्याळ न बसवलेल्या अमिगावर ती हाताने लावली नसेल तर भलतीच असते. त्यामुळे डिस्क ३ आधीची की डिस्क ७, हे डिस्क सांगत नाही. ते लेबल सांगतं, वही सांगते, प्रकाशकाच्या पत्रावरची तारीख सांगते, मासिकात छापलेलं प्रीव्ह्यूचं चित्र सांगतं. म्हणून लेबल सोलायचं नाही, फ्लॉपी पाकिटातून काढल्यावर दुसऱ्या पाकिटात घालायची नाही, आणि खोकं उघडलं त्या क्रमाने प्रत्येक थराचा फोटो काढायचा. कोणती डिस्क कोणत्या पत्राखाली होती, हा पुरावा असतो.

मासिकांवर मात्र फार विसंबू नका. १९८४ साली लिव्हरपूलच्या इमॅजिन सॉफ्टवेअरने 'बँडरस्नॅच' आणि 'साइक्लॅप्स' या दोन "मेगागेम्स"च्या पानभर जाहिराती दिल्या. त्यांत गेमऐवजी प्रोग्रॅमरांचे फोटो झळकत होते. जुलैमध्ये कंपनी बुडाली, आणि ती बुडत असताना बीबीसीचे कॅमेरे माहितीपटासाठी आतच होते. 'साइक्लॅप्स' हा मुळात जाहिरातीपलीकडे फारसा गेलाच नव्हता. 'बँडरस्नॅच'च्या कल्पना मात्र पुढे सिग्नोसिस या कंपनीच्या 'ब्रटॅकस' गेममध्ये उतरल्या. उलटही घडतं. 'द ग्रेट जियाना सिस्टर्स'च्या स्पेक्ट्रम आवृत्तीची परीक्षणं छापून आली, आणि आवृत्ती दुकानात आलीच नाही. म्हणजे जाहिरात आली म्हणून गेम होता असं नाही, आणि परीक्षण आलं म्हणून विकला गेला असंही नाही.

न आलेला गेम अनेकदा नाव बदलून आलेला असतो, हेही ध्यानात ठेवा. अटारीच्या घरगुती संगणकांसाठीचा 'द लास्ट स्टारफायटर' १९८४ साली त्याच नावाच्या चित्रपटासोबत यायचा होता. आला नाही, १९८६ साली तोच थोडा बदलून 'स्टार रेडर्स २' म्हणून विकला गेला. मूळचा नमुना समोर नसेल तर 'स्टार रेडर्स २' आधीच्या भागापेक्षा इतका वेगळा का, हे कोडं सुटत नाही. सासरेबुवांनी नंतर लिहिलेल्या, विकल्या गेलेल्या गेममध्ये या गेमचं स्क्रोलिंग किंवा स्फोटाचा आवाज सापडतो का, तेही पाहा. १९९० साली प्रोग्रॅमर जॉन कारमॅक आणि मंडळींनी 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'चा पीसीवर चालणारा नमुना करून निंटेंडोला दाखवला, निंटेंडोने नको म्हटलं, आणि तेच तंत्र त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'कमांडर कीन' होऊन बाहेर पडलं. त्या नमुन्याची एक फ्लॉपी २०२१ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या द स्ट्राँग संग्रहालयाकडे इतर देणगीबरोबर आली. म्हणजे तीस वर्षं ती कुणाच्या तरी खोक्यातच होती.

बरं, गेम किती पूर्ण होता? सासरेबुवा बहुधा नव्वद टक्के म्हणतील. सगळेच नव्वद टक्के म्हणतात. मी आजवर हाताळलेल्या "नव्वद टक्के" गेमपैकी काहींत एकच लेव्हल होती, आवाज नव्हता आणि नायक भिंतीतून आरपार जायचा. हे खोटं बोलणं नव्हे. लिहिणाऱ्याच्या डोक्यात गेम पूर्ण झालेला असतो, आणि चाळीस वर्षांनी डोक्यातला आणि डिस्कवरचा गेम वेगळा ओळखू येत नाही. तुमच्या बाबतीत "लिहून झाला" असं ते म्हणतात, ते खरंही असेल. पण आधीच गावभर सांगू नका.

आता सुरुवातीला टाळलेलं कारण. काही वर्षांपूर्वी एका प्रोग्रॅमरच्या कुटुंबाने मला त्यांच्या डिस्क दिल्या. ते गृहस्थ तेव्हा हयात होते, बोलत होते, फोन नंबरही दिला होता. मी ठरवलं की आधी डिस्क नीट वाचू, म्हणजे प्रश्न नेमके विचारता येतील. वाचायला तीन महिने लागले. गेम निघाला, सुंदर निघाला. तिसऱ्या भागात एक दार आहे, ते उघडत नाही. कोड उलगडून पाहिला. दाराला किल्ली लागते आणि किल्ली नकाशात कुठेच ठेवलेली नाही. ती विसरली होती, की तो भाग मुद्दाम बंद केला होता, की प्रकाशकाला अर्धा गेम द्यायचा म्हणून लावलेलं कुलूप होतं? फोन केला तेव्हा त्यांना मुलीचं नावही आठवत नव्हतं. आज तो गेम माझ्याकडे शेवटच्या बिटापर्यंत शाबूत आहे आणि दार बंद आहे.

म्हणून आधी सासरेबुवा. रेकॉर्डर समोर ठेवा, त्यांना विचारून. "गेम का आला नाही?" हा पहिला प्रश्न करू नका, त्याचं उत्तर त्यांनी इतक्या वेळा दिलेलं असतं की ते पाठ झालेलं असतं. टेबलावर कोणतं मशीन होतं, मॉनिटर होता की टीव्ही, शेजारी कोण बसायचं, संगीत कुणी केलं, शेवटचा चेक कधी आला, तो वटला का, असं विचारा. चित्रं काढणारा आणि संगीत करणारा वेगळे असतील तर त्यांच्याशी वेगवेगळं बोला, एकत्र बसवू नका. एकत्र बसले की सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाची आठवण सगळ्यांची होते. संगीतकाराला तर नक्की गाठा. एकेका गेमसाठी काम करून ते पुढच्याकडे जात, आणि स्वतःच्या डिस्क स्वतःकडे ठेवत. गेम गेला आणि सूर उरले, असं बऱ्याचदा दिसतं.

कागदांचं मोल किती असतं याचं एक ठळक उदाहरण गेम लिहिणाऱ्या जॉर्डन मेक्नरचं. विद्यार्थी असताना त्यांनी ॲपल टू संगणकावर 'डेथबाउन्स' नावाचा गेम लिहिला, प्रकाशकाने तो नाकारला, आणि मग त्यांनी 'कराटेका' केला, जो १९८४ साली आला. २०२३ साली 'द मेकिंग ऑफ कराटेका' हा खेळता येणारा माहितीपट निघाला, त्यात हा नाकारलेला गेम खेळता येतो आणि शेजारी त्या काळची पत्रंही वाचता येतात. नुसता 'डेथबाउन्स' खेळलात तर पाच मिनिटांत कंटाळाल. पत्रं वाचून खेळलात तर एक मुलगा काय शिकत होता ते दिसतं. त्याच मेक्नरच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा १९८९चा सोर्स कोड २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरात सापडलेल्या खोक्यातल्या डिस्कवरून निघाला. माणसं व्यवस्थित असतात म्हणून हे टिकतं असं नाही. कुणीतरी टाकून दिलेलं नसतं, एवढंच.

ठेवायचं कुठे. फ्लक्स, वेव्ह, स्कॅन आणि मुलाखत यांच्या तीन प्रती करा, एक घराबाहेर, आणि प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा) लिहून ठेवा. मूळ वस्तू तुम्हाला सांभाळायच्या नसतील तर केंब्रिजचं सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्टरी, रॉचेस्टरचं द स्ट्राँग किंवा बर्लिनचं काँप्युटरश्पीलेमुझेउम (संगणक-गेमचं संग्रहालय) अशा संस्थांना विचारा, आणि सार्वजनिक कधी करायचं याची अट देताना लिहून द्या. विकू नका, असं मी सांगेन. तो तुमचा हक्क आहे, पण एकुलती प्रत संग्राहकाच्या कपाटात गेली की ती पुन्हा दिसेलच असं नाही.

नेटवर टाकण्याची घाई करू नका. गेम विकला गेला नाही म्हणून त्याचे हक्क संपत नाहीत. ते सासरेबुवांचे आहेत की बुडालेल्या प्रकाशकाचे की त्याची मालमत्ता घेणाऱ्याचे, हे त्या पत्रांत किंवा करारात असेल. पैसे शेवटपर्यंत मिळाले नसतील तर चित्र आणखी वेगळं. पण कायद्याआधी माणसं येतात. २००८ साली इन्फोकॉम या गेम कंपनीच्या १९८९च्या सामायिक ड्राइव्हची प्रत एकाच्या हाती आली. 'हिचहायकर्स गाइड' या गेमच्या न आलेल्या दुसऱ्या भागाचे नमुने तिच्यात होते, आणि ते करताना सहकाऱ्यांनी एकमेकांना लिहिलेल्या खासगी मेलही. मेल संबंधितांना न विचारता छापल्या गेल्या. इतिहास म्हणून त्या अमोल होत्या, आणि ज्यांच्या होत्या त्यांच्यातले काही जण दुखावले. तो मजकूर मीही अधाशासारखा वाचला होता, त्यामुळे शहाणपणा शिकवण्याचा मला फारसा अधिकार नाही. पण तेव्हापासून वहीत कुणाबद्दल चार कडू ओळी दिसल्या की ते पान मी जपतो आणि प्रसिद्ध करत नाही, ती व्यक्ती हो म्हणेपर्यंत.

एक शेवटचं. गेम निघाला की कुणीतरी उत्साही मुलगा तो "पूर्ण" करून देतो म्हणेल. करू द्या, चांगले होतात असे प्रयत्न. फक्त त्याची फाइल वेगळी, नाव वेगळं, आणि सासरेबुवांनी सोडला तसा गेम हात न लावता बाजूला.

या रविवारी वहीपासून सुरुवात करा. पानांचे फोटो काढताना मुखपृष्ठाचे आणि आतल्या पुठ्ठ्याचेही काढा. फोन नंबर, कुणाकडे कोणती डिस्क दिली ते, आणि "परत आली" अशी खूण, हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं. खूण नसलेली एखादी डिस्क अजून दुसऱ्या कुणाच्या तरी खोक्यात असेल.